लॅपटॉपच्या सीडीचे बटण हाताला का येत नाही?

दुकानात किंवा कारखान्यात रोज वापरायच्या यंत्राची एखादी बारीक खोड असते. ती दिवसातून पाच-दहा वेळा त्रास देते, आपण तेवढ्यापुरते चडफडतो आणि पुन्हा कामाला लागतो. मोठा बिघाड झाला तर कारागीर बोलावतो, पैसे मोजतो. बारीक खोडीबद्दल मात्र कोणी कोणाला विचारत नाही. लॅपटॉपच्या कडेला असलेले, सीडी बाहेर काढण्याचे बटण ही अशीच एक खोड आहे. बटण दिसत नाही, दिसले तर बोट पोहोचत नाही, बोट पोहोचले तर नीट दाबले जात नाही आणि दाबले गेले तरी कधीकधी काहीच होत नाही. असे का होते आणि व्यापारी व कारागीर बांधवांना त्यावर काय करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. सीडीचा जमाना गेला, आता हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. जमाना गेला हे खरेच आहे. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांच्या एकत्रित प्रयत्नातून. डीव्हीडी आली १९९६ मध्ये. ॲपल कंपनीने २००८ साली मॅकबुक एअर हा ड्राईव्ह नसलेला लॅपटॉप काढला आणि पुढील काही वर्षांत बाकीच्या कंपन्यांनीही आपापल्या बहुतेक लॅपटॉपमधून ड्राईव्ह काढून टाकला. आज नवा लॅपटॉप मागितला तर त्यात ड्राईव्ह मिळणे कठीणच. पण यंत्र बदलले म्हणून घराघरांतील आणि दुकानांतील सीडी नाहीशा झालेल्या नाहीत.

नवी मुंबईचेच पाहा. वाशी, नेरूळ, पनवेल, तळोजा या भागांतील जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना विचारा. निकाह आणि वलीम्याचे चित्रण करून डीव्हीडीवर देण्याची पद्धत कितीतरी वर्षे चालली. त्या घरातील कोणी बुजुर्ग अल्लाहला प्यारे झाले की मुले ती डीव्हीडी घेऊन दुकानात येतात, कारण वालिदांचा चालता-बोलता चेहरा तेवढ्यातच उरलेला असतो. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करणाऱ्यांकडे डिझाइनच्या सीडी आहेत. लेबल छापायचे किंवा स्टिकर कापायचे यंत्र जुने असेल तर ते चालविण्याचा प्रोग्राम त्याच्यासोबत आलेल्या सीडीवरच असतो. हृदयाच्या अँजिओग्राफीचे चित्रण रुग्णांना वर्षानुवर्षे सीडीवर दिले गेले आहे. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा तर ती सीडी उघडावी लागते आणि त्या वेळी घरच्यांच्या जिवाला घोर लागलेला असतो. चित्रपटांच्या तर विचारूच नका. मोझर बेअर या कंपनीने २००७ पासून २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घरोघरी ढीग लावले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. तिच्या डीव्हीडी मात्र कपाटांत आहेत.

आता या सीडी वाचायच्या कशावर? तर जुन्या लॅपटॉपवर. ऐरोली-महापे पट्ट्यात आय.टी. कचेऱ्या भरपूर आहेत. कचेऱ्यांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप लॉटने व्यापाऱ्यांकडे जातात, दुरुस्त होतात आणि छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यावर येऊन बसतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचा माल असेल तर त्यात बहुधा ड्राईव्ह असतो. म्हणजे जे यंत्र नव्या गिऱ्हाइकांनी टाकले तेच आपल्या अनेक बांधवांच्या रोजीचे साधन आहे, आणि त्याच्या खोडीही आपल्याच वाट्याला आलेल्या आहेत.

बटण असते कुठे?

टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये हे बटण समोर असते. चांगले अंगठ्याच्या नखाएवढे. बसल्या जागी दिसते आणि एका बोटाने दाबता येते. लॅपटॉपमध्ये ते बहुधा उजव्या कडेला, काहींत डाव्या कडेला असते. सीडी ठेवण्याच्या ट्रेच्या तोंडावर प्लॅस्टिकची एक अरुंद पट्टी असते, त्या पट्टीत तांदळाच्या दाण्यासारखे लांबट बटण बसवलेले असते. पट्टी काळी, बटणही काळेच. त्यावर खूण नाही, उंचवटा नाही. शेजारी एक बारीक दिवा आणि एक सुईच्या जाडीचे छिद्र. या छिद्राकडे आपण पुढे येणार आहोत.

त्यातून लॅपटॉप बारीक दिसावा म्हणून त्याची कड खालच्या बाजूला आत वळवलेली असते. त्यामुळे बटण सरळ बाहेर न पाहता किंचित जमिनीकडे तोंड करून असते. समोर बसलेल्या माणसाला ते दिसण्याचा प्रश्नच नाही. मान वाकडी करून पाहावे, नाहीतर बोटाच्या टोकाने चाचपडावे. चाचपडताना कधी दिव्यावर दाबले जाते, कधी शेजारच्या सांध्यावर.

बरे, सापडले तरी ते दाबायचे बळ आडवे लावावे लागते. लॅपटॉपचे वजन कमी. उजवीकडून दाबले की तो काचेच्या काउंटरवरून डावीकडे सरकतो. म्हणून दुसऱ्या हाताने तो धरावा लागतो. पण दुसऱ्या हातात तर आत घालायची सीडी असते! एवढ्याशा कामाला तीन हात लागावेत, अशी ही योजना आहे.

आपल्या दुकानांची मांडणी या त्रासात आणखी भर घालते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला मार्केटमध्ये किंवा दाणाबंदरात गाळ्यावरचा लॅपटॉप पाहा. एका अंगाला वजनकाटा, दुसऱ्या अंगाला गल्ला, मागे बिलबुके. ट्रे पूर्ण उघडायला कडेला जवळपास वीतभर मोकळी जागा लागते, ती तिथे नसते. ट्रे उघडतो आणि काट्याला अडतो. माऊसही त्याच बाजूला. शिवाय मिरची-हळदीची धूळ. तीही त्या फटीतून आत जाते आणि ट्रेच्या सरकपट्ट्यांवर व भिंगावर बसते. पावसाळ्यात खाडीकडून येणारी दमट हवा त्यात मिसळली की मग ट्रे जड चालू लागतो.

वस्तू डोळ्यांआड आहे म्हणून ती वाईट, असे मात्र नाही. शिलाई मशीनवर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. कापड दाबणारा फूट उचलण्याची दांडी सुईच्या मागे असते, कारागिराला ती दिसत नाही, तरी दिवसातून हजार वेळा हात बिनचूक तिथे जातो. कारण ती दांडी बोटभर लांब आहे, हाताला कळते, आणि तिला जिकडे उचलायचे तिकडेच हात आपोआप वळतो. लॅपटॉपच्या बटणाचा दोष ते कडेला असण्यात नाही. बोटाला ते ओळखू येत नाही, हा खरा दोष आहे.

असे का केले?

कंपनीच्या अभियंत्यांना एवढे कळत नव्हते का, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण दुरुस्तीची सारी युक्ती त्यात आहे.

लॅपटॉप बनवणारी कंपनी ड्राईव्ह स्वतः बनवत नसे. ड्राईव्ह बनवणाऱ्या मोजक्याच कंपन्या होत्या. हिताची आणि एलजी यांची एक संयुक्त कंपनी, तोशिबा आणि सॅमसंग यांची दुसरी, शिवाय पॅनासोनिक व आणखी थोड्या. त्यांचा माल ठराविक मापाचा. लॅपटॉपसाठी जाडी आधी १२.७ मिलिमीटर आणि पुढे पातळ लॅपटॉप आल्यावर ९.५ मिलिमीटर. हा तयार डबा लॅपटॉपवाली कंपनी विकत घेई आणि आपल्या सांगाड्यात सरकवून एखाद्या स्क्रूने अडकवी. बटणाच्या मागे जो खरा विजेचा स्विच आहे तो या डब्याचा भाग आहे आणि त्याची जागा ड्राईव्हच्या कारखान्यात ठरलेली. लॅपटॉपवाल्या कंपनीच्या हातात राहते ती फक्त समोरची प्लॅस्टिकची पट्टी. आपल्या लॅपटॉपची कड गोल असो, तिरकी असो, त्या आकाराची पट्टी करायची आणि त्या पट्टीतून कसेबसे मागच्या स्विचपर्यंत पोहोचणारे बटण काढायचे. सबब हे बटण हाताच्या सोयीने बसवलेले नाही, मागच्या स्विचच्या जागेप्रमाणे बसवलेले आहे. ज्याने स्विच लावला त्याने लॅपटॉप पाहिला नव्हता, आणि ज्याने लॅपटॉप आखला त्याला स्विच हलवता येत नव्हता.

दुसरेही एक कारण आहे, आणि तेवढ्यापुरती कंपन्यांची बाजू घ्यावी लागेल. लॅपटॉप उचलताना आपला अंगठा किंवा तळहात नेमका कडेला येतो. बटण उठावदार असते तर दर वेळी उचलताना ट्रे बाहेर आला असता, पिशवीत घालताना उघडून मोडला असता. म्हणून ते सपाट ठेवले गेले. तथापि, सपाट ठेवूनही भोवती बोटाला कळेल अशी छोटी खोलगट जागा करणे अवघड नव्हते. कडेची रेषा सुंदर दिसावी म्हणून ते टाळले गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही कंपन्यांनी बटणच काढून टाकण्याचा मार्ग धरला. ॲपलने १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्येही फ्लॉपी बाहेर काढण्याचे बटण ठेवले नव्हते. पडद्यावरील फ्लॉपीचे चित्र ओढून कचरापेटीच्या चित्रावर टाकले की फ्लॉपी बाहेर येई. पुढे त्यांच्या लॅपटॉपमध्ये सीडी एका फटीतून आत ओढली जाई आणि बाहेर काढण्याची कळ कीबोर्डवर असे. हाताला हे निःसंशय सोयीचे. पण कॉम्प्युटर मध्येच अडकला की ती कळ निरुपयोगी, आणि सीडी आत कोंडलेली. तेव्हा माऊसचे बटण दाबून धरून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. सोय एका बाजूने वाढवली की दुसरीकडे अडचण निघते, ती अशी.

आत काय घडते?

मोठ्या कॉम्प्युटरच्या ड्राईव्हमध्ये ट्रे मोटरने आत-बाहेर होतो. लॅपटॉपमध्ये त्या मोटरला जागाच नाही. इथे ट्रे एका बारीक खिट्टीने आत अडकलेला असतो आणि मागे स्प्रिंग दाबलेली असते. बटण दाबले की स्विच ड्राईव्हच्या सर्किटला इशारा देतो, सर्किट एका लहान विद्युत-चुंबकाला क्षणभर वीज देते, त्याने खिट्टी सुटते, 'टक' असा आवाज होतो आणि स्प्रिंग ट्रेला थोडासाच बाहेर ढकलते. उरलेला आपण हाताने ओढायचा. सीडी फिरवणारी चकती आणि वाचणारे भिंग, दोन्ही त्या ट्रेवरच असतात आणि एका पातळ रिबन केबलने मागच्या भागाला जोडलेले असतात. ट्रेला आधार फक्त दोन्ही अंगांच्या सरकपट्ट्यांचा. म्हणून सीडी मधल्या चकतीवर दाबून बसवताना खालून दुसऱ्या हाताची बोटे लावावीत. नुसते वरून दाबल्याने ट्रे वाकतो, आणि एकदा वाकलेला ट्रे पुन्हा सरळ अडकत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बटण म्हणजे खटका नव्हे, ती फक्त विनंती आहे. लॅपटॉप बंद असेल तर बटण कितीही दाबा, विनंती ऐकायला कोणी जागे नाही. लॅपटॉप चालू आहे पण एखादा प्रोग्राम सीडी वाचत किंवा लिहीत आहे, तर तो ट्रेला कुलूप लावू शकतो. त्याचे काम संपेपर्यंत बटण मुकाट. वीज वाचवण्यासाठी काही लॅपटॉप रिकाम्या ड्राईव्हची वीजच तोडतात, तिथे पहिल्या दाबाने ड्राईव्ह नुसता जागा होतो. पुष्कळ मंडळी अशा वेळी चिडून बटणावर बटण दाबत राहतात, नखाने दाबतात, पेनाने दाबतात, आणि शेवटी ते नाजूक प्लॅस्टिक आत जाऊन बसते. एकदा दाबा आणि दहा आकडे मोजा. एवढ्याने निम्मी बटणे वाचतील.

कडेला हात न घालता

ज्यांना बटण शोधण्याचा कंटाळा आहे त्यांनी ते शोधूच नये. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडावे, ड्राईव्हच्या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबावे आणि येणाऱ्या यादीतील 'इजेक्ट' निवडावे. लिनक्स वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये 'इजेक्ट' हा एकच शब्द इंग्रजीत टाईप करून एंटर दाबले तरी पुरते. ट्रे बाहेर येतो, लॅपटॉप सरकत नाही, मान वाकडी होत नाही. दमट किंवा पिठाचे-मसाल्याचे हात कडेला लागत नाहीत, हा आणखी फायदा. ज्येष्ठ मंडळींना हे एकदा बसून दाखवावे. अशी गोष्ट सांगून लक्षात राहत नाही, करून राहते.

आता छिद्राकडे वळू. पट्टीवरचे ते सुईच्या जाडीचे छिद्र हवा जाण्यासाठी नाही. वीज नसताना किंवा सर्किट बिघडले असताना खिट्टी हाताने सोडवण्याची ती वाट आहे. कागदाला लावायची क्लिप सरळ करून तिचे टोक छिद्रात सरळ रेषेत घालावे, अडकाव लागला की हलके दाबावे. ट्रे सुटतो. मोबाईलचे सिम काढण्याची पिन काही वेळा आखूड पडते. टाचणीचे टोक आत मोडते, ती वापरू नये. आणि लॅपटॉप बंद केल्याशिवाय हा उपाय करू नये. आत सीडी वेगाने फिरत असताना ट्रे उघडला तर सीडीवर चरे पडतात. रागाने फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ट्रे उचकटणारेही आम्ही पाहिले आहेत. गिऱ्हाइकाची सीडी आणि आपला ड्राईव्ह दोन्ही एकाच वेळी घालवण्याचा तो सोपा मार्ग आहे.

कारागिरांसाठी

दुरुस्तीचे काम करणाऱ्या तरुणांनी दोष शोधताना वरच्या तिन्ही वाटा क्रमाने वापराव्यात. प्रथम बटण, मग पडद्यावरील इजेक्ट, मग पिन. पडद्यावरून ट्रे उघडतो पण बटणाने नाही, तर दोष बटणात किंवा स्विचमध्ये आहे. ड्राईव्ह बदलण्याची गरज नाही. दोन्हींनी उघडत नाही पण पिनेने सहज उघडतो, तर खिट्टी ठीक आहे. वीज, जोडणी किंवा विद्युत-चुंबक पाहावा. 'टक' आवाज येतो पण ट्रे येत नाही, किंवा पिनेनेही येत नाही, तर आत काहीतरी अडले आहे. बहुधा सीडीवर चिकटवलेले कागदी लेबल सुटून गुंडाळलेले निघते. ज्याला हा क्रम माहीत आहे तो पाच मिनिटांत निदान करतो. ज्याला माहीत नाही तो ड्राईव्हच बदलायला सांगतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते.

बटण आत गेले असेल तर पट्टी काढून पाहावी. ट्रे उघडून, वीज बंद ठेवून, पट्टीचे आतले दोन-तीन अटकाव बारीक चपट्या अवजाराने हलके सोडवावेत. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, घाई केली की अटकाव तुटतात. ड्राईव्ह बदलावाच लागला तर जुनी पट्टी जपून ठेवून नव्या ड्राईव्हवर तीच चढवावी. डबा सर्वत्र सारखा, पट्टी त्या त्या लॅपटॉपची. मात्र १२.७ आणि ९.५ ची अदलाबदल होत नाही, आणि जुन्या आयडीई ड्राईव्हची जोडणी साटा ड्राईव्हला बसत नाही.

बोटाला बटण कळावे यासाठी एक स्वस्त उपाय आहे. लाल किंवा पांढऱ्या नेलपॉलिशचे तीन-चार थर, प्रत्येक थर वाळू देऊन, बटणाच्या मधोमध ठिपक्यासारखे द्यावेत. डोळ्यांना दिसते, बोटाला उंचवटा कळतो. चिमूटभर एम-सीलचा कणही चालतो. फेव्हिक्विकचा थेंब मात्र टाकू नये. तो फटीत उतरतो आणि बटण कायमचे चिकटते. ठिपका पट्टीच्या बाहेर डोकावणार नाही एवढाच ठेवावा, नाहीतर पिशवीत ट्रे उघडण्याची अडचण आपण स्वतः ओढवून घेऊ. लॅपटॉप सरकू नये म्हणून खालचे झिजलेले रबरी पाय बदलावेत. हे दोन्ही काम मिळून अर्ध्या तासाचे आहे, आणि गिऱ्हाइकाला रोज जाणवणारे आहे.

एक सावधगिरी. ड्राईव्हचे वरचे पत्र्याचे झाकण काढून तो चालू करून भिंगात डोकावू नये. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० चा, लाल. लिहिणाऱ्या ड्राईव्हमध्ये त्याची ताकद बरीच जास्त असते. काही दिसत नाही म्हणून काही नाही, असे समजू नये. डोळा एकदा गेला की कारागिरी गेली.

जुन्या लॅपटॉपचा व्यापार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ड्राईव्ह काढून त्याच खाचेत एक चौकट घालून दुसरी हार्ड डिस्क बसवण्याची पद्धत फार चालली. बाहेरून पट्टी तशीच, बटणही तसेच, पण मागे काहीच नाही! असे बटण घेणारा बिचारा आठवडाभर दाबत बसतो. विकत घेताना आणि विकताना प्रत्यक्ष सीडी घालून पाहावी, आणि ड्राईव्ह नसेल तर तसे बिलावर लिहावे. मालाचा ऐब सांगून माल विकावा, हे आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. फक्त हा ऐब डोळ्याला दिसत नाही म्हणून सांगायचा राहतो.

वेगळा ड्राईव्ह घ्यावा का?

ज्यांच्याकडे नवा लॅपटॉप आहे, त्यांनी यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राईव्ह घ्यावा. साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो. त्याचे बटण समोर ठेवता येते, हा मोठा फायदा. तोटा असा की तो लॅपटॉपहून हलका, त्यामुळे दाबले की तोही सरकतो. त्याला काउंटरवर दुहेरी टेपने चिकटवून टाकावे. तो लॅपटॉपच्या स्वतःच्या यूएसबीत लावावा, चार फाट्यांच्या हबमध्ये नव्हे. हबमधून वीज अपुरी पडते, सीडी फिरायला लागते आणि थांबते, आणि लोक समजतात सीडी खराब आहे.

पण बाहेरचा ड्राईव्ह घ्या किंवा जुनाच दुरुस्त करा, दोन्हींचे आयुष्य मर्यादित आहे. सोनीने लिहिण्याच्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केले. मोठे कारखाने या धंद्यातून बाहेर पडत आहेत. शिवाय घरी लिहिलेल्या सीडीतील रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने उतरत जातो. त्यामुळे बटणाशी झगडून जेव्हा ट्रे उघडेल, तेव्हा ती सीडी नुसती पाहून परत कपाटात ठेवू नये. तिची संपूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी. लग्नाच्या डीव्हीडीवरील सर्व फोल्डर जसेच्या तसे घ्यावेत. अँजिओग्राफीच्या सीडीची तर एकही फाईल वगळू नये, कारण चित्रण पाहण्याचा प्रोग्राम बहुधा त्याच सीडीवर असतो, आणि तो वगळला तर डॉक्टरांच्या टेबलावर प्रत उघडत नाही. विक्रीकर किंवा व्हॅटच्या काळातील एखादे प्रकरण अजून अपिलात असेल तर त्या वर्षांच्या हिशेबाच्या सीडीही आधी काढाव्यात.

फोटो स्टुडिओवाल्यांना आणि दुरुस्तीवाल्यांना हा चांगला जोडधंदा आहे. यंत्र आहे, हात आहे, लागते ती थोडी चिकाटी. धूळ पुसताना सीडी मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून नव्हे. सीडीची माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, म्हणून वरच्या बाजूचा चरा खालच्या चऱ्यापेक्षा जास्त घातक. त्यावर बॉलपेनने नाव लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथेच थांबवावे. आणि दुसऱ्याच्या घरच्या शादीचे, जनानखान्याचे चित्रण ही अमानत आहे. काम झाले की आपल्या यंत्रावरील प्रत गिऱ्हाइकासमोर पुसून टाकावी.

या कामासाठी एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवणे उत्तम. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा असे यंत्र इंटरनेटला जोडू नये आणि त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. सीडी वाचण्याला मात्र ते पुरेसे आहे. ते काउंटरच्या अशा टोकाला मांडावे की ज्या कडेला ट्रे आहे ती बाजू वीतभर मोकळी राहील, वजनकाट्यापासून आणि मसाल्याच्या पोत्यांपासून दूर, आणि काम नसेल तेव्हा वरून एक कापड टाकावे.